लालबागेत घेतलेलं नाव

१२ ऑगस्ट १९५९, बुधवार. धारवाड

ठरलं! शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं बंगळूर. मामंजी, सासूबाई, नणंद कल्पना आणि मी. शनिवार-रविवार राहायचं आणि रविवारच्या गाडीनं परत. ह्यांनीच मामंजींना कळवलं – पंधरा ऑगस्टची रोषणाई आहे, लालबागेत फुलांचं प्रदर्शन आहे, सगळे या.

'सगळे' यात मी धरलेय की नाही ते दुपारपर्यंत कळेना. विचारायचं कसं? शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तुझं ते हिरवं पातळ इस्त्री करून ठेव." तेव्हा कळलं. आत जाऊन थोडी रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार

दशम्या केल्या. चटणी कुटली. सासूबाईंचा चातुर्मास, म्हणून सगळं बिनकांद्याचं.

इथं कुणी वाचणार नाही, तर लिहूनच ठेवते. ह्या दोन दिवसांत मला ह्यांना एक गोष्ट विचारायची आहे. मला कधी नेणार?

लग्न गेल्या वर्षीच्या वैशाखात झालं. आठवडाभर हे होते, मग बंगळूरला विमानांच्या कारखान्यात रुजू झाले. दिवाळीला आले तर घर पाहुण्यांनी भरलेलं – बायका माजघरात, पुरुष सोप्यात. होळीला आले तर मी नेमकी बाहेरची. मागच्या पडवीत बसून होते, विहिरीवर पाय धुताना तेवढे दिसले. पत्र लिहितात ते मामंजींना. शेवटी 'घरातील सर्वांस यथायोग्य' असतं. त्यातलं माझं किती ते मी समजून घेते.

कुणाशी भांडण नाही. कुणी वाईट वागत नाही. तरी दिवसभर कुणाशी बोलले असं वाटत नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

निघायची गडबड. मागचं दार लावलं ना? दोनदा पाहून आले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दार काय पळून जाणार आहे?"

१५ ऑगस्ट, शनिवार. बंगळूर

हे स्टेशनवर उभे होते. आईवडिलांच्या पाया पडले. कल्पनाची वेणी ओढली. मग म्हणाले, "सामान सगळं उतरलं ना?" माझ्याकडे बघून म्हणाले. किंवा ट्रंकेकडे. ट्रंक माझ्या पायाशीच होती.

वाळलेत. जेवता कुठं, विचारावंसं वाटलं. चारजण उभे होते, नाही विचारलं.

उतरलोय चामराजपेठेत, सुनंदामावशींकडे – सासूबाईंची मावसबहीण. त्यांची ही तिसरी पिढी बंगळुरात. मराठी बोलतात, पण मध्येच कानडी येतं. सासूबाईंना अक्का म्हणतात. माणूस मोकळं! मला पाहिल्याबरोबर, "हीच काय सून? स्वल्प पुढं ये गं, बघू दे." मग ह्यांना, "काय रे नंदू, अशी बायको धारवाडात ठेवून तू इथं हॉटेलातला भात गिळतोस होय?"

सगळे हसले. हेही हसले. मी वाट पाहत राहिले, कुणीतरी याला उत्तर देईल. सासूबाई म्हणाल्या, "कॉफी छान झालीय हो सुनंदा."

संध्याकाळी रोषणाई पाहायला गेलो. मोठमोठ्या इमारती नुसत्या दिव्यांनी काढल्यासारख्या! एवढा उजेड मी कधी पाहिला नव्हता. रस्त्यात असे चाललो – पुढं हे आणि मामंजी, मग सासूबाई आणि मावशी, मग कल्पना, मग मी. माहेरी मिरजेला आप्पांबरोबर फिरायला जायचे तेव्हा बरोबरीनं चालायचे. शाळा अशी मला माहीत नाही. आप्पांनीच सगळं शिकवलं, तेही बरंचसं चालता चालता. मागून कसं चालायचं ते इथं शिकले.

मग टॉकीज. त्या खुर्च्यांतही तीच ओळ. ह्या टोकाला मी, त्या टोकाला हे. पडद्यावर काहीतरी विनोदी झालं की सगळी ओळ हलायची, आणि ते हलणं माझ्या खुर्चीपर्यंत यायचं. सिनेमा काय होता, खरंच सांगता येणार नाही.

मामंजी झोपायला ह्यांच्या खोलीवर गेले, हलसूरला. म्हणजे आजचा दिवस गेला.

१६ ऑगस्ट, रविवार. सकाळ

हॉटेलात खाऊन आलो. जन्मात पहिल्यांदा! मावशींचा आग्रह – "अक्का, बंगळूरला येऊन दोशे न खाता गेलीस तर लोक मला हसतील." सासूबाई शनिवारच्या उपासानं थकल्या होत्या, मावशींच्याच कानडीत 'सरी' म्हणाल्या – म्हणजे बरं.

बायकांना आत वेगळी जागा असते. फॅमिली रूम म्हणतात. लाकडी आडोसा, वर जाळी, दाराला पडदा. आम्ही चौघी आत, हे आणि मामंजी बाहेर हॉलमध्ये. मसाला दोशे आले. सासूबाईंनी घडी उलगडली आणि हात मागे घेतला.

"सुनंदा, यात कांदा आहे."

"कांदाच तर आहे त्यात, अक्का!"

"माझा चातुर्मास आहे गं."

"तो धारवाडचा. इथं हवा निराळी."

"देवाला हवा कळत नाही होय?"

शेवटी सासूबाईंना केळं आणि कॉफी मिळाली, आणि त्यांचा दोसा कल्पनानं खाल्ला. स्वतःचा खाल्ल्यावर! मी माझा खाल्ला. कडा कुरकुरीत, आत लोणी. फारच चांगला होता. सासूबाई केळं खाताहेत आणि मी कांदा – घास उतरेना, तरी संपवला. पानात टाकलं तर तेही पाप.

पडद्याच्या फटीतून ह्यांचं कोपर दिसत होतं. मध्येच हे मोठ्यांदा हसले. इतके मोठ्यांदा हसतात! मला माहीत नव्हतं. घरी कधीच ऐकलं नाही.

आता लालबाग. मग गाडी. आज विचारलं नाही तर झालं.

१७ ऑगस्ट, सोमवार. धारवाड

कालचं सगळं क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

लालबागेत मुंगीला वाट नव्हती. काचघरात फुलंच फुलं – एकेका डेलियाचं तोंड ताटलीएवढं. प्रत्येकापुढं पाटी. पाटी दिसली की वाचून पुढं जायचं ही आप्पांची सवय. मी वाचत राहिले. मान वर केली तर पुढं सासूबाईंचं जांभळं लुगडं, त्याच्या मागे निघाले. काचघराबाहेर आल्यावर त्या बाईंनी मागे पाहिलं. सासूबाई नव्हत्या!

हाक मारायची तर कुणाला? ह्यांचं नाव घ्यायचं नाही. मामंजींचं नाही. सासूबाईंचं नाही. "कल्पना!" म्हणून ओरडले, पण कुठंतरी बँड वाजत होता. माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

एका मांडवात लाउडस्पीकर होता. हरवलेली मुलं तिथं बसवली होती. एक रडत होतं, एक खारे दाणे खात होतं. त्यांच्याशेजारी मला बसवलं! बिल्ला लावलेल्या एका म्हाताऱ्यानं कानडीत विचारलं, "यजमानांचं नाव काय अम्मा?" एवढं कानडी मला कळतं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा मान हलवली.

"विसरलात?"

"नाही."

मग त्यांच्या लक्षात आलं. हसले. म्हणाले, "आमच्या घरीही असंच आहे. पण अम्मा, नाव घेतल्याशिवाय माणूस सापडायचा कसा? ही एवढी पोरं सांगतात की!" आणि ते बोलायचं यंत्र माझ्या तोंडापुढं धरलं. "तुमच्या भाषेत बोला. आवाज तरी ओळखतील."

मंगळागौरीला उखाण्यात घेतलंय. नुसतं कधी घेतलं नव्हतं. मला वाटलं, तोंडातून निघणारच नाही. पण निघालं, आणि पूर्ण निघालं – "नंदकिशोर गुंडूराव गलगली, मी इथं आहे."

मधलं मामंजींचं नाव! तेही घेतलं! झाडांवरच्या भोंग्यांतून ते सगळ्या बागेत फिरलं. माझा आवाज असा आहे हेही मला तेव्हाच कळलं. तिथंच मरून जावंसं वाटलं.

हे धावत आले. एकटेच. चष्मा हातात, दम लागलेला. म्हाताऱ्यांचे आभार मानले, मला म्हणाले, "चल." आणि आम्ही दोघं चालू लागलो. बरोबरीनं! गर्दीत पुढं-मागे चालताच येत नव्हतं.

मग मी विचारलं. खाली बघून.

"मला कधी नेणार?"

"कुठं?"

"इथं."

हे थांबलेच. मागून एक माणूस येऊन आदळला. "तुला यायचंय?"

मी काय सांगणार? मान हलवली.

"मग आईला तसं का सांगितलंस? होळीला मी तिला म्हटलं होतं, वीणाला विचार. ती म्हणाली, सरळ विचारलं, ती म्हणते इथंच बरं आहे. जूनमध्ये क्वार्टरसाठी माझा नंबर लागला होता. मी सोडून दिलं. बायको येणार नाही तर दोन खोल्यांत मी एकटा काय करू?"

आणि मला आठवलं. मागची पडवी. सासूबाई लांबून ताट सरकवत होत्या. "काय गं, बंगळूरला जावंसं वाटतं का?" आणि मी म्हटलं होतं, "छे! मला काय करायचंय तिथं? इथंच बरं आहे."

दुसरं काय म्हणणार? सासरी निघताना आईनं सांगितलं होतं, सासूनं काही देऊ केलं की आधी नको म्हणावं. त्या पुन्हा म्हणतील तेव्हा घ्यावं. साडी असो, लाडू असो, माहेरी जाणं असो. सगळ्या सुना तसंच करतात, सगळ्या सासवांना ते ठाऊक असतं. मी नको म्हटलं आणि पुन्हा विचारायची वाट पाहत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

आणि ह्यांना वाटत होतं, मला ह्यांच्याजवळ यायचं नाही. होळीपासून!

हे म्हणाले, "क्वार्टर आता कधी मिळेल सांगता येत नाही. पण सुनंदामावशींची मागची खोली रिकामी आहे. मी मागितली तर त्या देतील." मग, "पण आईला तू सांग. मी बोललो तर बायकोचं ऐकतो म्हणेल."

खरं लिहायचं तर हे मला आवडलं नाही. पण तेवढ्यात सासूबाई आल्याच. "अगं बाई! साऱ्या बंगळूराला नवऱ्याचं नाव ऐकवलंस! आणि सासऱ्याचंही!"

मामंजी म्हणाले, "बरं झालं. सगळी नोकरी पोस्टात गेली, पण माझं नाव असं कुणी कधी पुकारलं नव्हतं."

गाडी सुटताना ह्यांनी खिडकीतून कल्पनाच्या हातात केळी दिली. माझ्याकडे बघत दिली. ट्रंक तिथं नव्हती.

१८ ऑगस्ट, मंगळवार

मंगळागौर. उखाण्याची पाळी आल्यावर कल्पना ओरडली, "वहिनीला लाउडस्पीकर द्या!" बायका हसून हसून लोळल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

आज सांगितलं नाही. घरात माणसं होती.

१९ ऑगस्ट, बुधवार

आज माणसं नव्हती. तरी नाही सांगितलं.

२० ऑगस्ट, गुरुवार

दुपारी सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. कल्पना शाळेत, मामंजी वाचनालयात. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे. तू चोळलंस की झोप लागते."

झालं. चोळत बसले.

एवढं मोठं घर, आणि आम्ही दोघी दिवसभर त्यात. त्या पुढच्या खोलीत, मी मागच्या. कधीकधी वाटतं, त्यांना माझ्याइतकंच – पण नाही. मला काय ठाऊक? असं परस्पर लिहू नये.

२२ ऑगस्ट, शनिवार

ह्यांचं पत्र आलं, मामंजींना. पोचल्याचं कळवा, कल्पनाचा अभ्यास, आईचे गुडघे. 'सर्वांस यथायोग्य.' मामंजींनी वाचून दाखवलं आणि घडी करताना चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

सगळ्या बागेला ऐकू जाईल असं मी बोलू शकले. एका माणसाशी बोलायचं तर तोंड उघडत नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

सासूबाई ताक घुसळत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "मला बंगळूरला राहायला जायचंय. होळीला मी खोटं बोलले."

रवी थांबली नाही. म्हणाल्या, "खोटं कसलं? तू नको म्हणणार ते मला ठाऊक होतं. म्हणून तर एकदाच विचारलं."

लोणी वर आलं. ते त्यांनी काढून ठेवलं. मग हात धूत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत तरी राहशील ना?"

"नाही," म्हटलं.

मग त्यांनी पुन्हा विचारलं.