डावा तळवा

नांदेड,
२४ एप्रिल २०१६

अण्णास शरणार्थ.

बरा असशीलच. उपोषणाच्या मंडपातला तुझा फोटो पेपरात पाहिला. होऊ दे एकदाचा उदगीर जिल्हा, तुझ्या गळ्यात आणखी चार हार पडू देत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

अव्वाला मी माझ्याकडे आणलंय, वहिनीनं सांगितलं असेल. तू विचारलं नसशील.

टँकरवर घागर भरताना पडून तिचं डावं मनगट मोडलं, तेव्हाच मी म्हणाले होते, तिला नांदेडला पाठव. हाड नीट जुळवून मधल्या पोकळीत आमच्या प्रयोगशाळेतलं सिमेंट भरलं असतं. ते हळूहळू विरतं आणि त्या जागी माणसाचं स्वतःचं हाड भरून येतं. ते क्षारांपासून बनतं, जनावराचा त्यात कणही नसतो, हे मी तुला समोर बसवून सांगितलं होतं.

आणि तू तिला काय सांगितलंस? "अव्वा, शिवकांता मेल्या जनावराच्या हाडाची भुकटी भरायलीय लोकांच्या हातात." कारण तुला ती मंडपात पहिल्या रांगेत हवी होती. हात गळ्यात बांधलेली म्हातारी आई फोटोत शोभते ना! हाडवैद्याच्या कामट्यांवर भागवलंस तू.

हाड वाकडं जुळलंय. तळवा वर वळतच नाही.

हे तुला लिहायचं नव्हतं. इतके दिवस तो कसाबसा सावरत ती रोजची पूजा करायची; सोमवारी पूजेला बसली आणि डाव्या हातावर घेतलेलं गळ्यातलं इष्टलिंग त्या कलत्या तळव्यावरून घसरून फरशीवर पडलं. तेव्हापासून ती पूजा करत नाही, आणि पूजेशिवाय अन्नाला शिवत नाही. घोटभर दुधावर आहे. उजव्या हातावर घे म्हटलं तर तोंड फिरवते. तुझं उपोषण साखळी होतं, अण्णा. हिचं तसं नाही.

डॉक्टर म्हणतात, हाड पुन्हा कापून सरळ करता येईल, सिमेंटही भरता येईल, पण तिच्या अंगात बळ आहे तोवरच. मी तिच्या पाया पडले. ती म्हणते, "भीमाशंकर माझ्यासंग लबाड बोलंल व्हय?"

म्हणून ये. एकटा ये, फोटोवाले आणू नकोस. तिच्यासमोर बस आणि 'मी लबाड बोललो' हे तुझ्या तोंडानं सांग. तिला तुझंच खरं वाटतं, हे लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, पण तिला वाचवायला मला तूच लागतोस.

ती तुला तिथल्या तिथं माफ करेल. मी करणार नाही, तिचा हात बरा झाला तरी.

फक्त अव्वाची,
शिवकांता