नुसता तिळगूळ

रत्नागिरी,
२२ जानेवारी १९५६

चि. मथूस अनेक आशीर्वाद.

माझा खोकला गेला. कलमांना मोहोर बरा आहे. टिकला तर मे महिन्यात पेटी पाठवीन. शालनच्या लग्नाची तारीख कळली. मुहूर्ताच्या वेळी मी आतल्या खोलीत थांबावं, हेही वाचलं. त्याचं उत्तर शेवटी देते.

शनिवारी मधल्या सुट्टीत शाळेत शिक्षिकांचं हळदीकुंकू झालं. जयगडची हफीजा यंदा आमच्याकडे नवी आहे. वडील तांडेल, स्वतः मचवा हाकतात. हिने हट्टाने ट्रेनिंग पुरं केलं. शिवणाच्या गोदाबाई करंडा घेऊन फिरत होत्या. हफीजाच्या हातावर नुसता तिळगूळ ठेवून त्या पुढे सरकल्या.

"अहो गोदाबाई, मला विचारलं नाहीत ते?"

"तुमच्यात चालत नाही ना!"

"कुंकू नाही चालत. पण विचारा की! नाही म्हणायचं ते मी म्हणेन. आणि ती वाणाची वाटी इकडे द्या. आमच्यातही सार वाटीतूनच पितात."

सगळ्या हसल्या. वाटी मिळाली.

मी मुख्याध्यापिका असले तरी मला दरवर्षी नुसता तिळगूळच मिळतो. मी तिला म्हटलं, "या, इकडे बसा. तुमची-माझी पंगत एकच."

ती बसली, पण म्हणाली, "एक कशी, बाई? माझा नवरा बोटीवर धडधाकट आहे. मला नको असतं, म्हणून मी घेत नाही. तुम्हाला नको असतं का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तास आहे, असं सांगून मी उठले. फळ्यावर भागाकार घातला, तो माझाच चुकला. मुलींनी तो तसाच उतरवून घेतला.

आता उत्तर. कुंकवाचं मला काही नाही. शालनवर अक्षता मात्र टाकायच्या आहेत. मॅट्रिक होईतो ती माझ्याकडे होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला मारलंही मीच. विधवांनी काय करावं ते तू लिहिलंस. मला काय हवं, ते विचारलं नाहीस.

मी मांडवात पुढे उभी राहणार. तुझ्या सासरच्यांना चालत नसेल तर तसं स्पष्ट लिही. मग मी बोटीचं तिकीट काढणार नाही. मात्र त्या पाकिटावर माझ्या नावाआधी गं. भा. घालू नकोस.

शालनची मावशी,
अंबिका लिमये