हाडाने न धरलेला दांडा

धुळे, १२ जून २०२४

चि. दीपक यास अ. उ. आ.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. खुब्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. बसलेली उठले की मांडीत आतून कळ येते. शीतल मला धरून न्हाणीपर्यंत नेते. बावीस वर्षं अंगणवाडीत लोकांची पोरं उचलली, आता लेक मला उचलते. डॉक्टर म्हणतात, या वयात वेळ लागायचाच.

ऑपरेशनच्या दिवशी तूच वॉर्डभर सांगत होतास, की हा टायटॅनियमचा दांडा मांडीच्या हाडात सिमेंटने बसवत नाहीत. त्यावर हाडात असतो त्याच क्षाराचा थर असतो, हाड त्याला आपलं समजून त्यावर वाढतं आणि तीन महिन्यांत घट्ट धरतं. तुमच्या जळगावच्या कारखान्यात तोच थर चढवतात म्हणून केवढी ऐट! मग माझ्या हाडाला कोणी कळवलं नाही का?

माझ्या भावजयीला, हेमलताला आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो कधी कागदावरही येऊ दे.

तुझी भिकुअक्का


जळगाव, १७ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

ही कळ वयाची वाटत नाही. उठताना दुखतं म्हणजे दांडा आत हलत असेल. नवा एक्स-रे काढून घे आणि दांड्याभोवती काळी रेघ दिसते का, हे शीतलला डॉक्टरांना विचारू दे. डिस्चार्जच्या कागदावर दांड्याच्या खोक्यातलं स्टिकर लावलेलं असेल. त्यावरचा लॉट नंबर कळव. कशाला, ते आत्ता विचारू नकोस.

हेमलता तुझी आठवण काढते. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा दीपक


धुळे, २४ जून

चि. दीपक यास अ. उ. आ.

रेघ आहे. डॉक्टरांनी ती बोटाने दाखवली. मग म्हणाले की हाडाने दांडा कुठेच धरलेला नाही, पुन्हा उघडावं लागेल. लॉट टी-४१७. शीतलने फोनवर नंबर सांगितला तेव्हा तू लगेच फोन ठेवलास, असं ती म्हणते. काय झालं ते लिही. मी ऐकून घेईन.

तुझी अक्का


जळगाव, १ जुलै

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तो लॉट माझ्या सहीने बाहेर गेला.

प्रत्येक लॉटबरोबर चाचणीच्या तीन चकत्यांवरही थर चढवतात. मी त्या मशीनवर ओढून बघतो, थर किती जोराला सुटतो ते. त्या वेळी तिन्ही चकत्यांचा थर ओल धरलेल्या भिंतीच्या पोपड्यासारखा सुटला. थराआधी धातू खरबरीत करतात, तेच काम कच्चं झालं होतं. मी मालकांना, जीवरामशेठना, दाखवलं. ते म्हणाले, "दुसऱ्या लॉटच्या चकत्या ओढ आणि सही कर." मी केली. चाळीस दांडे गेले. दोन महिन्यांनी तुझ्या वॉर्डात थराचं कौतुक करत उभा होतो, पण तुला कुठला दांडा बसवला ते विचारलं नाही. विचारायची भीती होती.

काल खरी नोंद औषध निरीक्षकांना नेऊन दिली. आज कारखान्याच्या गेटवरूनच मला परत पाठवलं. हेमलता माझ्याशी बोलत नाही. तुझ्याकडे काय मागू, कळत नाही.

दीपक


धुळे, १९ ऑगस्ट

चि. दीपक यास अ. उ. आ.

ऑपरेशन झालं. मी सांगते आहे, शीतल लिहून घेते आहे. जुना दांडा नुसत्या हाताने निघून आला, असं डॉक्टर तिला म्हणाले. त्यावर हाडाचा कण नव्हता. नवा लांब दांडा घालताना मांडीचं हाड चिरलं, तारेने बांधलं आहे. पाय दीड इंच आखूड झाला. वॉकर सुटेल असं कोणी म्हणत नाही.

तुझं पत्र बठ्ठं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, दोनदा. शीतल म्हणते, मामाचं नाव काढू नकोस. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला मीच वाढवलं. म्हणून तुला लिहिते आहे.

चाळीसपैकी मी एक सापडले. बाकीचे एकोणचाळीस कुठेतरी न्हाणीपर्यंत कोणाला तरी धरून जात असतील, आणि त्यांनाही वयाचंच कारण सांगितलं जात असेल. निरीक्षकांचा कागद पोचेल तेव्हा पोचेल. दांडे कोणकोणत्या हॉस्पिटलात गेले, ते तुला माहीत आहे. तिथे जा. त्या माणसांची नावं काढ आणि आपल्या तोंडाने त्यांना सांग, सही कोणाची होती ते.

आज राखी. तू येतो म्हणालास, येऊ नकोस. शीतलकडून राखी आणवून ठेवली आहे, पण पाठवत नाही. ती माणसं शोधून झाली की ये. तेव्हा बांधीन की नाही, ते आज मला सांगता येत नाही.

अक्का