आर्क्टिकला जाण्याचा सर्वांत वाईट आठवडा

तीर्थस्वरूप अण्णांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना? वहिनींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की अजून सगळ्या घराचा रक्तदाब सारखाच दाखवतंय? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा ते लिहिलं असं समजा. प्रत्यक्षात या घरात सध्या एक माणूस, एक सुकत चाललेली कुंडी आणि प्रचंड संताप एवढंच शिल्लक आहे. तुमची बहीण घरी नाही. ती आर्क्टिकला गेली आहे. (होय, तेच. नकाशाच्या वरच्या कडेला, जिथे कागद संपत येतो तिथे.) ती मला न घेता गेली आणि माझ्या सख्ख्या बहिणीला घेऊन गेली. या दोन्ही गोष्टी मी एक वेळ गिळल्या असत्या. पण गेली कधी, तर अख्ख्या हिवाळ्यातल्या सर्वांत वाईट आठवड्यात. हे मी रागाने म्हणत नाही. अभ्यास करून म्हणतो आहे.

तुम्हाला माहीतच आहे की बस आगाराच्या वेळापत्रक विभागात माझं आयुष्य गेलं. लोकांना वाटतं, थांब्यावर खांब उभा केला की त्याला वेळापत्रक आपोआप फुटतं. तसं नसतं. गाडी मिनिटभर आधी सुटली तर मागून धावत येणारा माणूस जन्मभर आपल्याला शिव्या देतो, आणि मिनिटभर उशिरा सुटली तर आधीपासून उभे असलेले सगळे देतात. (चालक दोन्ही करतात आणि शिव्या आम्हाला मिळतात, पण तो विषय वेगळा.) सांगायचा मुद्दा असा, की कधी निघायचं हा प्रश्न मी कधीही हलक्यात घेतलेला नाही. आणि माझ्याच घरातून माझंच माणूस असं वेळकाळ न बघता निघून जातं, याला काय म्हणावं?

मुळात हे आर्क्टिक आलं कुठून ते ऐका. तुमच्या बहिणीने प्रसूती विभागात जन्मभर रात्रपाळी केली. ती निवृत्त झाली तेव्हा तिथल्या परिचारिकांनी निरोप समारंभ केला. मी पहिल्या रांगेत, मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन बसलो होतो. कुणीतरी विचारलं, आता पुढे काय करणार? माझी समजूत अशी की ती म्हणेल, आराम करणार, ह्यांच्याकडे लक्ष देणार. ती ध्वनिक्षेपकावर म्हणाली, "मी आयुष्यभर रात्री जागले, पण एकही रात्र नीट बघितली नाही. मला हिवाळ्यात आर्क्टिकला जायचंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण पुष्पगुच्छ बाजूला ठेवल्यावर हात मोकळे झाले होते आणि लोक माझ्याकडे बघत होते. नवऱ्याला ही बातमी शंभर परिचारिकांबरोबर कळावी, हे तुम्हाला योग्य वाटतं का? उत्तर सवडीने कळवा.

घरी आल्यावर मी शांतपणे विचारलं, की थंड प्रदेशात शहाणी माणसं उन्हाळ्यात जातात, तू हिवाळ्यात का? ती म्हणाली, तिकडे उन्हाळ्यात रात्रच होत नाही, मग आकाशातले ते ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे दिसणार कसे? मुद्दा बरोबर होता. बरोबर मुद्दा मी नेहमी मान्य करतो. (तुमची बहीण हे नाकारेल.) मी म्हटलं, ठीक आहे, जाऊ. फक्त वेळ ठरवायचं काम माझ्याकडे दे. ती हसून "बरं" म्हणाली. अण्णा, ते समोरासमोरचं शेवटचं हसू.

तुम्हाला वाटेल, हिवाळा म्हणजे हिवाळा, त्यात निवडायचं काय. मलाही तसंच वाटलं होतं. डिसेंबरात तिकडे सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड पडतो, तेवढाच दिवस, आणि किनाऱ्याकडे ढग बसून असतात. जानेवारीत थंडी अशी की बोललेला शब्द तोंडाबाहेर पडायला कचरतो. फेब्रुवारीत सूर्य परत येतो, दिवसा कुत्र्यांच्या गाडीत बसता येतं, रात्री आकाश बघता येतं. म्हणजे फेब्रुवारी उत्तम. पण ते सगळ्या जगाला माहीत असल्याने सगळं जग तेव्हाच तिथे जातं. मार्चमध्ये आकाश जास्त मोकळं, हिरवे पडदेही जास्त हलतात म्हणे. पण दिवस मोठा होत जातो आणि रात्र आखडते. हे झालं महिन्यांचं. मग मला चंद्र आठवला. पौर्णिमेला त्याच्या उजेडात फिकट पडदे दिसत नाहीत, आणि अमावास्येला पायाखालचा बर्फ दिसत नाही. मी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला. ढगांना राखाडी टाचण्या, चंद्राला पिवळ्या, गर्दीला लाल. जेवताना तुमच्या बहिणीची पाठ तक्त्याकडे असायची. तिने खुर्ची का फिरवली हे मी विचारलं नाही.

सहलीच्या कचेरीतल्या मुलीचा अनुभव तर लिहिण्यासारखा नाही, म्हणून लिहितो. मी तिला साधा प्रश्न विचारला, की पडदे नेमके कोणत्या दिवशी दिसतील?

ती म्हणाली, "काका, ते कुणालाच सांगता येत नाही. नशीब लागतं."

"आमच्या खात्यात असं उत्तर दिलं असतं तर घरी बसवलं असतं," मी म्हणालो.

"हो काका. चहा घेणार?"

पहिल्या भेटीत चहा मिळाला. नंतर नंतर पाणी. पुढे पुढे काचेतून मी येताना दिसलो की ती फोन उचलून कानाला लावायची. माणसाने माहिती विचारली की त्याला टाळायचं, ही आजची पिढी.

थंडीचाही अभ्यास हवाच. माझा एक जुना मित्र भाज्या-फळांच्या शीतगृहात व्यवस्थापक आहे. त्याला म्हटलं, एखादी रिकामी खोली हिवाळ्यातल्या वेगवेगळ्या महिन्यांइतकी थंड करून दे, मी उभा राहून बघतो. तो चांगला माणूस आहे, फार विचारत बसला नाही. मी नवं जाड जाकीट, दोन विजारी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आत गेलो. मार्च सुखाचा गेला. फेब्रुवारीत मिशी कडक झाली. जानेवारीत मी दार वाजवलं. बाहेर आल्याबरोबर चष्म्यावर अशी वाफ धरली की काही दिसेना, म्हणून हाताला लागलेल्या पहिल्या हातगाडीवर टेकलो. ती वाटाण्याची पोती नेणारी हातगाडी होती. हमालाने मला पोतं समजून पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि गाडी ढकलत मालमोटारीपर्यंत नेली. मी बोललो तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त दचकला, आणि वर मलाच म्हणाला, "आधी बोलायचं ना राव." त्या गडबडीत चिठ्ठी राहिली तशीच राहिली. मी बसने घरी आलो. माझ्या स्वतःच्या खात्याच्या बसने, अण्णा, आणि एकानेही सांगितलं नाही. दार उघडल्यावर तुमच्या बहिणीने मला वळवून चिठ्ठी वाचली. "गोठवलेला माल. लवकर संपवावा." तिने ती काढली, घडी केली, आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नळाच्या आवाजात हसू ऐकू येत नाही असा तिचा समज आहे.

असा पहिला हिवाळा गेला. तो वाया गेला असं ती म्हणते. मी म्हणतो, तो बाद झाला. दोन्हींत फरक आहे. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी ताज्या दमाने कामाला लागलो आणि मला खरं वर्म सापडलं. सगळा खेळ सूर्याचा आहे. सूर्यावर वादळं होतात म्हणून हे पडदे दिसतात, आणि त्या वादळांना भरती-ओहोटी असते. एक भरती ओसरली की पुढची यायला दहा-अकरा वर्षं लागतात. आणि आताची भरती ओसरायला लागलेली. मी हे जेवताना जाहीर केलं. म्हटलं, अखेर उत्तर मिळालं, आपण पुढच्या भरतीला जाऊ.

तुमच्या बहिणीने चमचा खाली ठेवला. "तेव्हा मी केवढी असेन?"

मी आकडा सांगितला. हिशेबात मी कधी चुकत नाही.

तिने ताटं उचलली, धुतली, पुसली आणि दिवा घालवून झोपायला गेली. तिने विरोध केला नाही, हे लक्षात घ्या. माणूस विरोध करत नाही तेव्हा त्याला पटलेलं असतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो आहे.

आणि मग गेल्या आठवड्यात मी केस कापून घरी येतो, तर खाली माझ्या त्या धाकट्या बहिणीची मोटार उभी. (ती मोटार चालवायला शिकवते, त्यामुळे तिच्या गाडीवर पुढे-मागे 'शिकाऊ चालक' अशी पाटी असते. ती पाटी तिच्या बोलण्यावरही लावायला हवी.) मागे सामान भरलेलं. शेजारच्या सीटवर तुमची बहीण, अंगात माझं जाकीट.

"हे काय?" मी विचारलं.

"निघालोय."

"आज? अगं, पौर्णिमा तोंडावर आलीय."

"असू दे."

"तिकडे आत्ता ढग असतात. सूर्य तर उगवतसुद्धा नाही."

"सूर्य मला इथे दिसतो की रोज."

मी म्हटलं, निदान मला सांगायचंस तरी. तर ती म्हणाली, "सांगितलं होतं. तिकिटं काढताना विचारलं, पैसे भरताना विचारलं. तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात, बघू." अण्णा, 'बघू' म्हणजे नकार नव्हे. 'बघू' म्हणजे बघू. एवढं साधं मराठी नवरा-बायकोत कळू नये? धाकटी खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "दादा, तू उत्तम वेळ शोधत बस, आम्ही तोवर जाऊन येतो." आणि इशारा न देता गाडी वळवून गेली. तिच्याकडे शिकणाऱ्यांची मला काळजी वाटते.

काल सकाळी मी चहा घेत असताना फोन आला. मी आधी विचारलं, "दिसले का पडदे?"

"नाही हो. रोज ढग."

मी मुद्दाम थोडं थांबलो. माणसाला 'तुमचं बरोबर होतं' असं म्हणायला वेळ द्यावा लागतो. शेवटी मीच विचारलं, मग दिवसभर करतेस काय?

"बसते. घराबाहेर एक बाक आहे, पांघरूण घेऊन तिथे बसते. दुपारी जरा वेळ सगळं निळं होतं, शाईत पाणी ओतल्यासारखं, मग परत काळोख. फार छान काळोख आहे हो. कुणी बेल वाजवत नाही, कुणी हाक मारत नाही." मग म्हणाली, "धाकटी ठरल्या दिवशी परत येईल. मी अजून थोडी राहणार आहे."

"किती?"

"बघू," तुमची बहीण म्हणाली.

आता तुम्हीच सांगा. माझा प्रत्येक अंदाज खरा ठरला. ढग म्हटलं, ढग आले. दिसणार नाही म्हटलं, दिसलं नाही. आणि तरीही ती खूश आहे. चुकीच्या वेळी, चुकीच्या आकाशाखाली, काहीही न बघता एखादं माणूस इतकं खूश राहत असेल तर मी दोन हिवाळे तक्त्यासमोर उभा कशाला राहिलो? तेव्हा थोरले भाऊ या नात्याने तुम्ही तिला एक कडक पत्र लिहावं, तिने परत यावं, आणि यायच्या आधी तारीख मला विचारावी, एवढीच विनंती.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला आराम आणि मला न्याय मिळावा ही इच्छा.

आपला नम्र पण दुखावलेला,
मेहुणा

ता. क. – वर म्हटलेलं कडक पत्र पाठवू नका. टपाल तिकडे पोचायला वेळ लागतो. तोवर मीही तिथे असेन आणि ते माझ्यादेखत उघडलं जाईल.

ता. क. दुसरा – होय, मी निघालो आहे. आज कचेरीत गेलो तेव्हा त्या मुलीने सवयीने फोन कानाला लावला. मी म्हटलं, पहिली मिळेल ती जागा द्या. तिने फोन खाली ठेवला (पलीकडे कुणी नव्हतंच) आणि मला पुन्हा विचारलं, "नक्की काका? चंद्र?" मी म्हटलं, चंद्राचं चंद्र बघून घेईल. माझे तिकडे जायच्या परवान्याचे, म्हणजे व्हिसाचे, कागद तुमच्या बहिणीने तिच्याबरोबरच करून त्या मुलीकडे ठेवले होते असं तिथे कळलं. हेही मला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

ता. क. तिसरा – खरं तर पत्र एवढ्याचसाठी लिहायला घेतलं. फोनवर विचारलं असतं, पण तुमचा फोन वहिनी उचलतात. तुम्ही विमानाने जाऊन आला आहात. मी जन्म वाहतूक खात्यात काढला, पण माझं एकही वाहन कधी जमिनीवरून उठलं नाही. तेव्हा, ते उठतं तेव्हा नेमकं काय होतं, किती वेळ होतं, आणि त्या वेळी डोळे मिटलेले चालतात का, हे उलट टपाली सविस्तर लिहा. जागा मला खिडकीजवळची दिली आहे. मी मागितली नव्हती. ती बदलून मिळते का? शेजारी तुमची बहीण नसणार, कुणीतरी अनोळखी असेल. अशा वेळी अनोळखी माणसाचा हात धरला तर गैर दिसतं का, हेही कळवा. (मी माझ्यासाठी विचारत नाही. तो घाबरलेला असू शकतो.)