साबणाने घासलेली बाटली

आंधळगाव, शनिवार संध्याकाळ

ती बाटली डोळ्यांसमोरून हलत नाही. विद्यापीठाच्या मॅडम आमच्या शाळेत मुलांनी आणलेले तलावाच्या पाण्याचे नमुने तपासत होत्या. माझ्या सातवीच्या वर्गातल्या करिश्माची बाटली हलवताच फेस आला; नमुना बाद.

पोरगी रडवेली. "मायनं साबणानं घासली, मॅडम. विद्यापीठात जाऊन राहिली मनून. आता मले या कामातून काढता का?"

मॅडम हसल्या. "कशाला काढू? चल, आईलाही घेऊ."

तलावावर त्यांनी बाटली तलावाच्याच पाण्याने विसळून दाखवली.

"मंग मी कायले घासत बसली?" म्हणत मायने ती स्वतः भरली. देताना मात्र थबकली. "बाहेरून तं पुसू द्या." पदराने पुसत राहिली.

मॅडम हात पुढे करून थांबल्या. त्या थांबण्याचे आभार कसे मानायचे?