चौकीदाराच्या खोलीवरचा स्लॅब

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला तुमचा राग येतो, आणि या आठवड्यात तो पुन्हा आला.

कारण सांगते. सावनेरच्या पुढे, जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मी थोडी जागा घेतली आहे. तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या वेळेत संपवल्या. त्या नोकरीनं शेवटी जे हातात दिलं, त्यातून तिथे एक कॉटेज बांधते आहे. पर्यटकांना भाड्यानं द्यायची, आणि तीही बारा महिने. सगळा खर्च या बारा महिन्यांचाच आहे. हिवाळ्यात माणसं कशाही छताखाली आनंदानं राहतात. पावसाळ्यात जंगल बंद, तेव्हा नागपूरचीच मंडळी शनिवार-रविवार हिरवळ बघायला येणार, आणि त्यांना ओल आलेली भिंत चालत नाही. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसतो म्हणून लांबून लोक येणार आणि दुपारभर खोलीत पडून राहणार. खोली तापली तर पुन्हा येणार नाहीत. म्हणून पाहुण्यांच्या खोल्यांना जाड भिंती, स्लॅब, स्लॅबवर पांढऱ्या फरशीचे तुकडे, एसी आणि पुढे मोठा व्हरांडा. ठेकेदारानं इस्टिमेट आणलं तेव्हा ते माझ्या ऐपतीच्या बरंच पुढे गेलेलं होतं.

तो काही घाबरला नाही. खिशातून पेन काढून त्यानं एका ओळीवर टेकवलं. "ताई, हे पाहा. मागची खोली, चौकीदाराची. तिच्यावर स्लॅब काहून पाहिजे? चार टिनं टाकून देतो, तुमचं बजेट बसते."

"अन् मे महिन्यात?"

"त्यायले सवय राह्यते, ताई."

मी त्याच्यावर ओरडले. आयुष्यभर ज्या बाईनं ऑफिसात आवाज चढवला नाही, ती ओरडली. टिनाची सवय कोणालाच होत नसते, म्हटलं, मी मिस्त्रीची मुलगी, त्या पत्र्याखालीच वाढले आहे, मला सांगू नका. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मंग व्हरांडा कापू का? नाही तर एक एसी? तुम्हीच सांगा नं जी." मी व्हरांड्याच्या ओळीकडे पाहिलं, एसीच्या ओळीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "राहू द्या. टिनच टाका."

तेव्हापासून लहानपणीची ती दुपार डोक्यातून जात नाही. मी नऊ वर्षांची आहे. मनीषनगरात अजून घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. तुम्ही एका बंगल्यावर मिस्त्री आहात आणि आपण त्याच प्लॉटच्या कोपऱ्यात टिनाच्या खोपटात राहतो. मे महिना. सकाळी दहानंतर टिनाला हात लावता येत नाही. एरवी आई पोती भिजवून वर टाकते, पण आज ती तापानं फणफणली आहे, तिच्यानं उठवत नाही. बंगल्याचा स्लॅब टाकून चार दिवस झालेत. त्याला भेगा पडू नयेत म्हणून वर मातीचे छोटे बांध घालून तुम्ही पाणी साचवून ठेवलंय. त्या पाण्याखाली, स्लॅबला टेकू दिलेल्या सेंट्रिंगच्या बल्ल्यांच्या गर्दीत, एवढी गार जागा आहे की मला तिथून हलावंसं वाटत नाही. तुम्ही तरट अंथरता आणि आईला धरून आणून तिथे निजवता. तासाभरातच मालक बायकोला घेऊन काम बघायला येतात. "अहो मिस्त्री, आमची वास्तुशांत व्हायची आहे अजून. आमच्या आधी तुम्हीच राहायला आलात की काय?" त्यांची बायको हसते. तुम्हीही हसता. बाबा, तुम्ही हसलात! "चुकलंच, साहेब," म्हणालात, आणि आईला, "चाल वं, उठ." मी म्हटलं, "आईले ताप आहे." तर तुम्ही मलाच दटावलंत, "चूप राय वं!" त्यांना शब्द नाही. दटावलं ते मला.

आईचा ताप दोन दिवसांनी उतरला. तुम्ही मात्र त्याच संध्याकाळी वर चढून त्या स्लॅबला पाणी भरत होतात, नेहमीइतकंच नेमानं. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना कौतुकानं सांगायचात, त्या स्लॅबला अजून एक भेग नाही म्हणून. मला ते ऐकून उठून जावंसं वाटायचं.

परवा चौकीदाराचं जोडपं जागा बघायला आलं. जवळच्याच गावचं, कडेवर लहान मूल. मागच्या खोलीसाठी चुन्यानं आखलेल्या रेघांमध्ये उभं राहून त्याच्या बायकोनं वर पाहिलं.

"वरतं काय टाकता, मॅडम?"

"टिन."

"मंग आम्ही नाही येत."

नवरा गडबडला. "अवं, पाहू नं आधी..."

"तू काय पाह्यतं? तू बसशीन गेटवर झाडाखाली. लेकरू घेऊन मी भाजू का अंदर?" मग माझ्याकडे वळून, "तुमच्या पाहुण्यायले एसी अन् आमाले टिन? दुसरं कोणी पाहून घ्या. माह्या भावानं कन्हानले बोलावलंच आहे कामावर." बाजारात किडकं वांगं परत टोपलीत टाकावं, इतक्या साधेपणानं ती हे बोलली आणि चालू लागली.

तुम्हीही म्हणायचं एवढंच तर वाक्य होतं, बाबा. दुसरा मिस्त्री पाहून घ्या. तुम्हाला कन्हानला भाऊ नव्हता, पुढचं काम ठरलेलं नव्हतं, हे मला कळतं. तीस वर्षं मी लोकांचे खुलासे छापले आहेत, तुमचा मी स्वतः लिहू शकेन. तरी राग जात नाही.

काल ठेकेदाराला फोन करून सांगितलं, व्हरांडा अर्धा करा आणि मागच्या खोलीवर स्लॅब टाका. तो खूश झाला. "ताई, मिस्त्रीची लेक आहे तुम्ही, तुमाले समजते," म्हणाला. मी "हं" म्हटलं. चौकीदाराची बायको यायला कबूल झाली आहे. तुम्हाला लिहिलेले हे कागद आता इस्टिमेटच्याच फायलीत राहतील, पण त्याआधी तुम्हाला खरं सांगते. ती पाठ फिरवून निघाली तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते, "घरबसल्या काम मिळतंय तर एवढा तोरा?" नंतर दोन गावांत विचारून पाहिलं, दुसरं कोणी मिळालं नाही, म्हणून स्लॅब. तुमची आठवण आली म्हणून नव्हे. तुम्ही तर मला टिनाला हो म्हणतानाही आठवत होतात.