तीन कागदांवरच्या खुणा

सर, आज कॉलेजातून निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणीतरी मला ‘प्रामाणिक संशोधक’ म्हणालं आणि पौडच्या माळावरची आपली पत्र्याची खोली डोळ्यांसमोर आली. बाहेर खांबांवर ताणलेल्या तारा, आत तीन रेडिओयंत्रं, प्रत्येक सूर्यावरच्या वेगळ्या उंचीचे संकेत टिपणारं, प्रत्येकापुढे सरकता कागद आणि पेन. सूर्यावर स्फोट झाला की पेनं उसळायची. सूर्याभोवती चुंबकीय कमानी असतात आणि स्फोटातले कण त्यांवरून वर जाऊन परत खाली येतात, हे तुम्हाला दाखवायचं होतं. तसं असेल तर तिन्ही पेनं एकामागोमाग उसळणार आणि लगेच उलट्या क्रमाने पुन्हा. त्या जागेची मालकीण विचारते, “सायेब, कमान म्हंजी कशी?” तुम्ही तिच्या बादलीची कडी उभी धरता. “अशी. दोन्ही टोकं सूर्यातच.”

सगळा खेळ सेकंदांचा. घड्याळ बघून दर मिनिटाला बटण दाबायचं, म्हणजे तिन्ही कागदांवर एकदम खूण उमटायची, खुणा जुळवल्या की कोणतं पेन आधी उसळलं ते कळायचं; एवढंच माझं काम. एकदा मी खिडकीशी उभी होते तेव्हा तुम्ही ओरडलात, “जागा सोडायची नाही!”

त्या दिवशी तुम्ही खांबांच्या परवानगीसाठी तहसील कचेरीत गेला होता. मालकिणीने हाक मारली, “बाई, भाकरी गार हुतीया, या की.” मी गेले. परत येऊन पाहते तर तिन्ही पेनं उसळून शांत झालेली, आणि कागदांच्या त्या भागावर खूण एकही नाही. मी माझ्या पेनाने अंदाजाने खुणा काढल्या. संध्याकाळी तुम्ही कागद शेजारी शेजारी लावलेत. “गेले आणि परत आले!” मी माझं पेन पिशवीत टाकलं.

तुमचा लेख संशोधनपत्रिकेकडे गेला, त्यांनी मूळ कागद मागवले, खुणांची शाई वेगळी निघाली. चौकशीला तिघे आले. त्यांनी आधी मला विचारलं. मी म्हणाले, “आठवत नाही.” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “खुणा मी केल्या.”

महिन्याभरात खांब उपटले. तुमची नोकरी गेली, दोन वर्षांनी तुम्हीही गेलात. घरी भेटायला गेले तेव्हा तुमच्या पत्नीने सांगितलं, “शेवटी तुझी चौकशी करत होते. नोकरी लागली का म्हणून.” लागली होती, सर. कमानीवरून परतणारे स्फोट पुढे इतरांनी नोंदवले. मी ते वर्षानुवर्षं शिकवले, तुमचं नाव न घेता.

तुम्ही एकदा जरी विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं, असं इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. नसतं सांगितलं.